वझे काका आणि माझे अकरा रिकामे गोल

वझे काका गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये सीरियल खात होते. आईने फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, आणि दोन मिनिटांत खाली सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. मी फोन उलटा ठेवला आणि सीरियल संपवलं. रडू वगैरे आलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या सहा आठवड्यांत काकांवर जे जे लिहून आलंय ते सगळं मी वाचलंय आणि सगळ्यांना रडू आलंय. त्यांनी किती मुलांचं आयुष्य घडवलं, कुठल्या कुठे पोचवलं... पोचवलं असेल. पण मीही त्यांच्याकडे दोन वर्षं होते, आणि माझ्यासारख्यांचं कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितेय. आई म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का. मग कधी लिहायचं? काका होते तेव्हाही तुम्ही बोलू दिलं नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे न्यू जर्सीत आमच्या काउंटीची एक मॅग्नेट शाळा आहे. पब्लिक, फुकट, पण आठवीत एंट्रन्स देऊन मिळवायची. ओक ट्री रोडवरच्या देसी दुकानात मेथी निवडताना भेटलेल्या दोन आया तिसऱ्या वाक्याला त्या शाळेवर येतात. काका रिटायर्ड इंजिनीअर, दर शनिवारी सकाळी स्वतःच्या बेसमेंटमध्ये आम्हा आठ जणांची तयारी करून घ्यायचे. वरून काकू पोहे पाठवायच्या. शिकवायचे छान, हे कबूल करते, जिओमेट्री मला त्यांच्यामुळेच येते. पण उत्तर चुकलं की पेपर वर धरून, सगळ्यांना दिसेल असा, म्हणायचे, "सईबाई, हे तुमच्या स्वप्नात आलं होतं का?" सगळे हसायचे. मीही हसायचे, काय करणार.

आणि त्यांचा एक नियम होता. उत्तराची खात्री नसेल तर आन्सर शीटवरचा गोल भरायचा नाही, पेन्सिल खाली ठेवायची. अंदाजाने गोल काळा करणं याला ते मोह म्हणायचे. त्यांनी स्वतः भारतात जी एंट्रन्स दिली होती तिच्यात चुकीच्या उत्तराला मार्क कापायचे, आणि ते त्यांच्या इतकं अंगात भिनलं होतं की इथेही कापतात का, हे बघावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. परीक्षेच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. कापत नाहीत. काकांना वेबसाइट बघायची गरज वाटत नव्हती, काकांना सगळं माहीत होतं.

परीक्षा शाळेच्या कॅफेटेरियात झाली. सुपरव्हायझर बाईंनी सूचना वाचल्या: चुकीच्या उत्तराचे मार्क कापले जाणार नाहीत, सगळे प्रश्न सोडवा. मी ऐकलं, यार. स्पष्ट ऐकलं. पण मी तेरा वर्षांची होते, एकीकडे गळ्यात बॅज घातलेली अनोळखी बाई आणि दुसरीकडे वझे काका. मी काकांवर विश्वास ठेवला. अकरा गोल रिकामे. शेवटची दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून शांत बसले होते, आणि मला वाटत होतं की आपण किती स्ट्राँग आहोत, मोह टाळला... बाहेर आल्यावर कळलं की बाकी सातही जणांनी उरलेले गोल सरळ सी, सी, सी भरले होते. त्यांच्यातला रोहन म्हणाला, "तू खरंच ऐकलंस त्यांचं?"

वेटलिस्ट लागली आणि ती लिस्ट हललीच नाही. निकालानंतरच्या शनिवारी बेसमेंटमध्ये पेढे वाटणं चाललं होतं, आणि तिथे, सगळ्या पालकांसमोर, काका आईला म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो, पण स्पीड नाही." झालं. त्या दिवसापासून मी स्पीड नसलेली मुलगी. मामाने फोनवर म्हटलं, बाबांनी ड्रायव्हिंग शिकवताना म्हटलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझा त्यावर विश्वास बसला. हायस्कूलमध्ये मॅथ टीमला नाव दिलं नाही, कारण तिथे टायमर असतो.

दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ नील त्याच बेसमेंटमध्ये जायला लागला. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर दोनदा अंडरलाइन केलेलं होतं: एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. मी ती वही घेऊन सायकलवरून थेट काकांकडे गेले. ते टोमॅटोंना पाणी घालत होते. मी विचारलं, हे कधीपासून? पाइपवरचा हात न काढता म्हणाले, "नियम बदलले गं." मग केमिस्ट्री कशी चाललीय ते विचारलं. नियम बदलले नव्हते. मी घरी येऊन जुने सगळे पेपर डाउनलोड करून बघितले. नीलला अर्थात शाळा मिळाली.

शोकसभा देवळाच्या हॉलमध्ये होती. परत येताना गाडीत मी आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं, अकरा गोल, वही, टोमॅटो, सगळं. मला वाटलं ती गाडी बाजूला घेईल. तिने इंडिकेटर दिला, वळली, आणि म्हणाली, "माहीत आहे मला. तू वही घेऊन गेलीस ना, त्याच उन्हाळ्यात चालत आले होते ते घरी, तू वर खोलीत होतीस. हात जोडून माफी मागितली त्यांनी माझी."

"तुझी?"

"नीलचं व्हायचं होतं अजून, सई. तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

माझ्या डोक्यात तेव्हापासून फक्त हेच आहे. चूक त्यांना कळली होती. लाजही वाटली होती. आणि माफी मागायला आमच्या घरापर्यंत चालत आले, मी वरच्या खोलीत असताना, आणि माझी माफी माझ्या आईला देऊन मोकळे झाले. मला स्पीड नाही हे मात्र तसंच ठेवलं. दोघांनी मिळून, पाच वर्षं.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. सहा मुलं अर्धवट राहिलीत, परीक्षा जवळ आलीय, कोणी शनिवार घेईल का. मी गेले, कारण त्या मुलांनी माझं काय बिघडवलंय. बेसमेंट तसंच आहे, तोच व्हाइटबोर्ड, प्रिंटरवर काकांचा हार घातलेला फोटो. रेशोचं एक गणित करत होते तेवढ्यात ब्रेसेसवाली अनन्या म्हणाली, "ताई, दॅट्स राँग." आणि माझ्या तोंडून काय यावं... "अनन्याबाई, स्वप्नात दिसलं का?" तोच सूर, तंतोतंत. मुलं हसली. तीही हसली, मी हसायचे तशी.

मी बोर्डकडे नीट बघितलं. गुणाकार चुकला होता.

मी मार्कर खाली ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हटलं, "तुझं बरोबर आहे. चूक माझी आहे. आणि तुला तसं बोलले, तेही चुकलं. सॉरी."

"इट्स फाइन," अनन्या म्हणाली. "नेक्स्ट वन करू या?"

एवढंच होतं, काका. मला तर दहा सेकंदही लागले नाहीत.