मातीचे कान

कालिंदीताईंना दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या होत्या. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरी कुणी बोलायला लागलं, की त्या त्याच्या ओठांकडे बघत आणि अंदाजानं हसत. त्यांचे यजमान यज्ञेश्वर शाळेत चित्रकला शिकवायचे. १९५२च्या उन्हाळ्यात कसबा बावड्याजवळ नदीकाठच्या एका टेकाडावर उत्खनन चाललं होतं. निघालेल्या वस्तूंची चित्रं काढायला त्यांना बोलावणं आलं.

एका संध्याकाळी त्यांनी बायकोपुढे कागद धरला. त्यावर एक डोळा, दोन पावलं आणि एक कान.

"सगळं भाजल्या मातीचं," ते ओरडून म्हणाले. "जुन्या झऱ्यापाशी सापडलं. आजारी माणसं बरं व्हायला तिथं येत असावीत, असं आमचे प्रमुख गणपतराव म्हणतात."

कालिंदीताईंची नजर कानावरून हलेना. "मला उद्या नेता का हो?"

टेकाडावर बावड्याची चिमणाबाई माती चाळत होती. तिचा आवाज शेतात हाका मारून कमावलेला. तिचं बोलणं कालिंदीताईंना लख्ख ऐकू आलं. त्या तिच्याशेजारीच बसल्या.

"हे कान-डोळे देवाला बरं होण्याआधी वाहत असतील, का नंतर?" त्यांनी विचारलं.

"आमच्यात आधी नुसता नवस बोलत्यात की वयनी! गुण आला की मग देवीला डोळं वाह्याचं."

गणपतरावांनाही त्यांनी हेच विचारलं. ते हसून मोठ्यानं म्हणाले, "आमचंही तिथंच अडलंय. आधी वाहिले असतील तर ही नुसती गाऱ्हाणी. नंतर वाहिले असतील, तर एवढी माणसं खरंच बरी झाली म्हणायची."

त्या दिवसापासून कालिंदीताई तुकडे धुवायला रोज जाऊ लागल्या. एका कानाला भोकच नव्हतं. करणारा विसरला, का त्या माणसाला मुळीच ऐकू येत नव्हतं? तसाच दुसरा कान मिळेल म्हणून त्यांनी टोपल्या पालथ्या घातल्या. मिळाला नाही.

दिवाळीनंतर मिरजेला त्यांच्या कानांचं ऑपरेशन झालं. डावा तसाच राहिला, उजवा उघडला. पट्टी सुटल्यावर यज्ञेश्वरांनी सवयीनं हाक मारली, तशा त्या दचकल्या. "अहो, केवढ्यानं ओरडता!" ते तिथंच पलंगावर बसले आणि त्यांनी हळू आवाजात पुन्हा हाक मारली.

पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू झालेलं काम संपून खड्डे बुजवायची वेळ आली, तेव्हा कालिंदीताई स्वतः केलेला एक मातीचा कान घेऊन गेल्या. "आत ठेवू का?"

गणपतरावांनी कान उलटून पाहिला. "ठेवा. पण मागं सन कोरा. पुढं खणणारा फसायला नको."

त्यांनी सन कोरला आणि खाली लिहिलं, 'बरं वाटल्यावर'.

"आन डावा वं?" चिमणाबाईनं विचारलं.

"त्याचं नुसतं बोलून ठेवलंय."

पुढच्या हंगामात उत्खनन वारणेकाठी गेलं. पहिल्याच दिवशी कालिंदीताई आणि चिमणाबाई दोघी मोटारीतून उतरल्या आणि तिथं काय निघालंय ते बघायला तरातरा पुढं गेल्या. यज्ञेश्वर सामान घेऊन मागून येत होते.