पाय गेलेल्या कोंबड्या

बेटेगावात आमच्या घरामागे ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. नवरा बोईसरला कारखान्यात जातो, त्यामुळे शेड सासूबाई आणि मी बघतो. घाटावरून लग्न होऊन आले तेव्हा कोंबडी म्हणजे रस्सा, एवढंच मला ठाऊक होतं.

या कोंबड्या इतक्या भराभर वाढतात की काहींच्या पायांना स्वतःचं वजन पेलत नाही. अशी कोंबडी जमिनीवर पसरलेल्या भाताच्या तुसावर फतकल मारून बसते, बाकीच्या तिच्या अंगावरून जातात, पाण्यापर्यंत तिला पोचता येत नाही. आम्हाला पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर पहिल्याच फेरीत म्हणाला होता, अशीला तडफडत ठेवू नका, मान ओढून मोकळी करा. त्यानं करूनही दाखवलं.

सासूबाईंना ते पटलं नाही. "खायाला कापली तं गोष्ट वेगली. उगाच जीव घ्यायचा नाय, पाप हाय." त्या तिला टोपलीत घालून कोपऱ्यात ठेवत, पुढ्यात पाण्याची वाटी. कोंबडी मान टाकायची, पुन्हा उचलायची. असं दोन-दोन दिवस चालायचं. आणि याच सासूबाई रविवारी रश्शासाठी खोबरं भाजायच्या! मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "तुला भारी अक्कल."

एका दुपारी एक कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. छातीखालचं कातडं सोललेलं होतं. मी तिला उचललं आणि मान ओढली. वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी शेडमध्ये फिरून मी हेच करते आणि हात धुऊन पोरीची वेणी घालते. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. कधी कधी त्याचीच भीती वाटते.

सासूबाईंनी देवपूजा माझ्याकडून काढून घेतली. त्या हातानं देवाला फुलं नकोत, म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात मी भाकऱ्या थापत होते. सासूबाई मागच्या दारानं आल्या. पदरात कोंबडी होती, तिचे दोन्ही पाय मागे पसरलेले. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"हिचा तरास बगवत नाय," त्या म्हणाल्या. "तू कर."

मला राग यायला हवा होता. मी पिठाचे हात पुसले आणि कोंबडी घेतली. त्या पाठ करून उभ्या राहिल्या.

"झाला काय?"

"झालं."

"अजून एक हाय," म्हणाल्या, आणि आणायला गेल्या.