समोरच्या काकांची अमेरिकेतली फाइल

अमेरिकेचे कायदे अमेरिकेत कोणी वाचतं की नाही, कोण जाणे. आमच्या कोथरूडमध्ये मात्र ते वाचणारा एक माणूस आहे आणि तो माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतो. समोरचे काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, असं त्यांच्या खात्याला वाटतं. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर तिकडे गेल्यापासून काकांनी घरातच कचेरी थाटली आहे. मुलाचा मोबाइलवर आलेला प्रत्येक निरोप ते कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणतात आणि आवक क्रमांक टाकून फाइलला लावतात. 'जेवलो' एवढ्या एका शब्दालाही क्रमांक मिळतो. काकू म्हणतात, "मी बोललेलं तेवढं यांच्या दप्तरी दाखल होत नाही." व्हिडिओ कॉल आला तरी काका सवयीने फोन कानालाच लावतात. त्यामुळे नातवाने लहानपणापासून आजोबांचा एक कानच काय तो नीट पाहिला आहे.

हा नातू इथेच जन्मला आणि दोन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर गेला. आता त्याचं एकविसावं सरत आलं आहे. तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी मुलाने केव्हाच अर्ज केलाय, त्याच अर्जात नातवाचंही नाव आहे. रांग इतकी लांब, की कोणाचा नंबर कुठवर आला ते तिथलं सरकार दर महिन्याला तारखा लावून सांगतं. नंबर यायच्या आत नातवाला एकवीस पूर्ण झाली, तर बापाच्या अर्जातून त्याचं नाव गळणार आणि दुसरी काही सोय झाली नाही तर त्याला तो देश सोडावा लागणार. हे मला काकांनी चार वेळा समजावलं आणि चारही वेळा मी नव्याने गोंधळलो. त्यात त्या तारखा पुढे जाता जाता मध्येच मागेही येतात. "अहो, थांबलेली फाइल मी जन्मभर पाहिली," काका म्हणाले, "उलटी चाललेली पहिल्यांदाच पाहतोय!"

यावर त्यांनी त्यांना येतो तो एकच उपाय केला. तिकडच्या ऑफिसला स्मरणपत्रं धाडली. प्रत्येकाला कॉम्प्युटरकडून ठरावीक उत्तर आलं, खाली 'या पत्राला उत्तर देऊ नये' अशी ओळ. काकांनी त्यालाही उत्तर दिलं. "उत्तर देऊ नये, हे कळलं, एवढंच कळवलं. सरकारी पत्राची पोच नको का द्यायला?"

मागच्या महिन्यात तारखा पुन्हा मागे आल्या. नातवाची एकवीस पूर्ण व्हायला आता थोडेच महिने उरलेत. धीर द्यावा म्हणून गेलो, तर काका मागची खोली आवरत होते. गठ्ठे माळ्यावर गेले होते, खिडकीशी नवं टेबल आलं होतं. "आलाच तर असावं," काका म्हणाले. माणूस चक्क खुशीत होता. मग एकदम ओशाळले. "त्याचं कॉलेज, मित्र, सगळं तिकडे. मराठीही धड येत नाही त्याला. इथे येऊन करणार काय तो?"

सहाव्या स्मरणपत्राचा मराठी मसुदा त्यांनी माझ्या हातात दिला. इंग्रजी ते नंतर करतात. विषय, संदर्भ, मागची तारीखवार हकिकत, सगळं जागच्या जागी होतं. शेवटी 'सबब विनंती की' एवढं लिहून पुढे कागद कोरा.

"इथवर आलो आणि अडलो," काका म्हणाले. "तुम्ही सांगा, काय मागू?"

मला त्या माणसाची फार माया आली. तो मसुदा मी घरी आणला आणि आवक क्रमांक टाकून फाइलला लावला आहे.