उजव्या हाताचं रीळ

"अंगठा कुठंय?"

दुकानात कुणी नवं रीळ हातात घेतलं की कडेच्या स्टुलावरून हा प्रश्न यायचाच. विचारणारे दुकानदार नव्हते, दुकानदार मी. ते समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि माझ्या त्या एकुलत्या एका स्टुलाचे स्वयंघोषित मालक. त्यांचं नाव छापून आलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं. आम्ही सगळे काका म्हणायचो, तेच इथेही चालू द्या.

स्वारगेटच्या मागच्या बोळांतून तुम्ही कधी गेला असाल तर आमचं दुकान पाहिलंही असेल. बाहेर जाळी लटकलेली, आत गळ, दोऱ्या, काठ्या, काचेत रिळं. अब्बांनी सुरू केलं, त्यांच्यानंतर मी चालवते. मासेमारीच्या दुकानात बाई बसलेली बघून काही गिऱ्हाइकं अजूनही दारात थबकतात. अब्बांच्या जागी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "स्टूल तेच आहे ना?" आणि बसले.

अंगठ्याची गोष्ट मात्र खरी आहे. साध्या रिळाला अंगठा लागत नाही. पण आमिषाचा जड नकली मासा लांब फेकायचा आणि मोठा मासा ओढायचा, तर काठीच्या पाठीवर आडवं बसणारं रीळ लागतं. त्याला बेटकास्टिंग रीळ म्हणतात. त्याची फिरकी पतंगाच्या फिरकीसारखी गरगरते. तिच्यावर अंगठा हलका ठेवायचा, आणि नकली मासा पाण्याला टेकला की दाबायचा. विसरलात तर नकली मासा थांबतो, फिरकी फिरतच राहते, आणि दोरीचा असा काही गुंता होतो की रविवार तो सोडवण्यातच जातो.

वाघोलीचे दोन आयटीवाले एकदा आले होते. "काका, ह्याचे रिव्ह्यूज एकदम सॉलिड आहेत," त्यातला एक म्हणाला.

"मासे वाचतात का ते?"

पोराने रीळ पुढे केलं. मग काकांनीच रीळ हातात घेऊन त्याला तासभर शिकवलं. वेग कमी असलेलं घे, मोठ्या माशाला वेग नको, ताकद हवी. आतली दातेरी चाकं धातूची हवीत. दोरी गुंडाळायची मूठ एवढी मोठी हवी की ओल्या हातातून निसटू नये. पोरं जाताना पाया पडायची बाकी होती. मी नुसती पिशवी भरून दिली.

आता यातली गंमत सांगते. काका शुद्ध शाकाहारी होते. अंडंसुद्धा नाही. मासा धरायचा, ओल्या हातांनी क्षणभर पाहायचा आणि सोडून द्यायचा. मी एकदा न राहवून विचारलंच, "काका, खायचा नाही तर धरायचा कशाला?"

"तुम्ही सिंहगड चढता, तो खाता का?"

काकूंचं मत वेगळं होतं. "खायचं नाही, विकायचं नाही, घरी आणायचं नाही. दिवसभर उन्हात बसून ओळख करून घ्यायची नि परत यायचं," असं त्या मला बोळातून ओरडून सांगायच्या, आणि दुसऱ्या रविवारी पहाटे उठून डबा भरून द्यायच्या.

अशाच एका रविवारी धरणाच्या फुगवट्यावर काकांच्या गळाला मोठा महसीर लागला. जुनं, हलकं रीळ होतं. माशाने अशी धाव घेतली की आतलं चाक कडकन तुटलं. काकांनी फक्त शेपटी पाहिली. सोमवारी सकाळी मी शटर अर्धं उचललं असेल तोच खालून वाकून म्हणाले, "मोठं रीळ पाहिजे. यापुढे हत्यारामुळे हरायचं नाही."

त्यानंतर निवड सुरू झाली. अहो, लग्नं जमवतानाही लोक इतकी चौकशी करत नाहीत. हे जड आहे, ते बोटांना टोचतं, त्याचं झाकण पत्र्याचं. शेवटी एक पसंत पडलं, मी ते मागवायला घेतलं, आणि त्याच आठवड्यात काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

जीव वाचला. पाय हळूहळू आला. उजवा हात मात्र पुरता आला नाही. बोटं अर्धवट मिटलेली, अंगठा बधिर. स्टूल रिकामं राहिलं. मला ते बघवायचं नाही म्हणून मी त्यावर खोकी रचून ठेवली.

एके दिवशी काठी टेकत, काकूंच्या आधाराने ते आले. खोक्यांकडे पाहिलं. "माझी बदली झाली वाटतं," म्हणाले. मी खोकी उचलली.

मला एक गोष्ट त्यांना सांगायचीच होती. या रिळाची मूठ उजवीकडे असते नाहीतर डावीकडे, आणि ती नंतर फिरवता येत नाही. मी धीर करून म्हटलं, "काका, डाव्या हाताचं मागवते. तुमचा डावा चांगला आहे. आणि हे नंतर बदलता येत नाही."

"म्हणूनच उजवं."

"अहो, हट्ट कसला हा?" काकू म्हणाल्या.

"हट्ट नाही. डावं घेतलं की उजव्याला कळणार, आपलं काम संपलं. मला एकदा रिटायर केलंय लोकांनी. याला नाही करायचं."

काकू रस्त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, हे रीळ आता कपाटात जाणार. मागवलं मात्र उजव्याच हाताचं.

ते कपाटात गेलं नाही. गॅलरीत गेलं. आखूड, जाड काठी कठड्याला घट्ट बांधली, तिच्यावर रीळ चढवलं आणि दोरीच्या टोकाला कापडी पिशवी लावली. लोणी काळभोरहून भाजीचा टेंपो घेऊन येणाऱ्या मावशी बोळात आल्या की पिशवी खाली सुटायची, फिरकीवर डावा अंगठा. भाजी भरली की उजव्या हाताने मूठ फिरवत पिशवी वर. पहिल्या दिवशी मेथीची एक जुडी होती. दुसऱ्या मजल्यावरच्यांची कपडे वाळत घालायची दोरी असते, तिथवर आली आणि हात थांबला. सगळा बोळ मान वर करून उभा. बऱ्याच वेळाने पिशवी पुन्हा हलली.

मग ते रोजचंच झालं. मेथीवरून कांदे, कांद्यांवरून बटाटे. पण दुसऱ्या मजल्याशी पिशवी थांबायची ती थांबायचीच. मी दुकानातून ओरडायची, "काय लागलं आज?"

"दुधी. अंगात जोर नाही त्याच्या."

मावशी त्यांना पुरून उरायच्या. "आज भोपळा हाय. झेपंल का?"

"भोपळा लढत नाही हो मावशी, नुसता लटकतो."

"आमच्या घरातबी हाय की एक तसला!"

त्या भोपळ्याचंच पुढे रामायण झालं. वर गेल्यावर काकूंना तो किडका दिसला. "परत पाठवा," म्हणाल्या आणि आत गेल्या. काकांनी पिशवी खाली सोडली, आणि कुणी बघत नाही असं पाहून, डाव्याऐवजी उजवा अंगठा फिरकीवर ठेवला. मी बघत होते. दोरी सुटली हे त्या अंगठ्याला कळलंच नाही. भोपळा माझ्या पायरीसमोर फुटला. वर फिरकीवर दोरीचा हा एवढा गुंता.

कुणाला लागलं नाही. वरून काकांचा आवाज आला, "अंगठा लागला नाही." इतक्या हळू की मलाच काय ते ऐकू आलं असेल. मग गॅलरीचं दार लागलं, आणि बरेच दिवस लागलेलंच राहिलं. काकू स्वतः खाली येऊन भाजी नेऊ लागल्या. मला फार वाईट वाटलं. दुकानात येणाऱ्या कुणालाच मी अंगठ्याचं काही सांगेना.

शेवटी मावशीच कंबरेवर हात ठेवून ओरडल्या, "ओ काका! एक भोपळा फुटला म्हनून कुनी रान पडीक ठेवतं व्हय?"

दार उघडलं. गुंता सोडवायला त्यांना सकाळची दुपार झाली. मग पिशवी खाली आली.

थंडी पडल्यावर एका रविवारी मी दोघांना माझ्या गाडीतून धरणावर नेलं. काठावर खुर्ची टाकली. काकांनी डाव्या हाताने वीतभर लांबीचा नकली मासा फेकला. पहिले काही नेम वेडेवाकडे गेले. काकू थर्मासमधून चहा ओतत होत्या, तेवढ्यात दोरी ताणली गेली आणि रीळ किरकिरायला लागलं.

डाव्या हातात काठी, उजव्यात मूठ. हात फिरला, थांबला, पुन्हा फिरला. काकांच्या कपाळावर घाम आला. काकू उठून उभ्या राहिल्या. "अहो, मी धरू का?"

"धरायचंच असेल तर खुर्ची धर!"

काकूंनी खुर्ची धरली. मासा जवळ आला, सोनेरी कूस एकदा वळली, मोठा होता हो, चांगलाच मोठा, आणि गळ सुटला. दोरी सैल पडली. काकूंनी खुर्ची सोडली नाही. मला तर रडूच येत होतं.

काकांनी रिळाकडे पाहिलं, मग हाताकडे. बोटं अजून मुठीवर होती. "चाक तुटलं नाही," ते म्हणाले. "हात थांबला, पण सुटला नाही."

"आणि मासा?" काकूंनी विचारलं.

"त्याला तसंही सोडायचंच होतं."

येताना मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर ते डाव्या हाताने उजव्या हाताला थोपटत होते. मी रस्त्याकडे लक्ष दिलं.

काका गेले, त्यालाही आता काही महिने झाले. झोपेतच गेले. त्या रिळाची चौकशी करत दोन-तीन जण दुकानात आले, तेव्हा मी भीत भीत काकूंना विचारलं. "विकते की," त्या म्हणाल्या, "मग भाजी कोण चढवणार? तुम्ही?"

सकाळी मावशींचा टेंपो येतो. गॅलरीत काकू येतात, अंगठा फिरकीवर ठेवतात, पिशवी खाली सोडतात. मावशी भाजी भरतात. मग पिशवी वर जायला लागते. काकूंचे दोन्ही हात धडधाकट आहेत, भरल्या बादल्या उचलतात त्या. तरी दुसऱ्या मजल्याच्या दोरीशी पिशवी थांबते. थोडा वेळ तशीच राहते, आणि मग वर जाते.