यंत्राला सांगायचं नाव

कुणी नाव विचारलं की भिमी आधी त्याच्या पायांकडे बघे. बूट दिसले की वेगळंच नाव सांगे. किन्हवलीच्या वर, डोंगराला लागून असलेल्या त्यांच्या वाडीत सगळ्याच बाया तसं करत. पंच्याण्णवच्या सुमारास मोळी घेऊन उतरताना जंगलखात्याच्या गार्डनं नाव विचारलं आणि भिमीनं ते सरळ सांगून टाकलं होतं. कोयता गेला आणि शहापूरच्या कचेरीतून बोलावणी येत राहिली. तिथले साहेब पुस्तकी मराठी बोलत. तिला अर्धं कळे, उरलेल्याला ती मान हलवी. आपण कशाकशाला हो म्हटलं, ते तिला कधीच कळलं नाही.

म्हणून नात बारकी शाळेत जाऊ लागली तेव्हा तिला एवढंच हवं होतं की पोरीनं ते मराठी शिकावं. घरची बोली वेगळी, शाळेची वेगळी. बारकी पहिलीत वर्षभर गप्प बसली. यंदाही तसंच गेलं तर गुरुजी तिला वर चढवणार नव्हते.

दोन हजार आठच्या थंडीत मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातली मुलं शाळेत एक यंत्र घेऊन आली. गुडघ्याएवढं, पांढरं, डोळ्यांच्या जागी दोन दिवे. ते मान वळवून मराठी बोले, चित्र दाखवून शब्द म्हणायला लावी. त्याआधी मात्र विचारी, "तुझं नाव काय?" सुयोग नावाचा मुलगा ते नाव कम्प्युटरवर टाइप करी, मग त्या नावाचा धडा पुढे सरके.

"रोज इचारतो?" भिमीनं बारकीला विचारलं.

"रोज."

"इसरत नाय गो तो. ताडून बघतो."

दुसऱ्या दिवशी बारकी मीना झाली, नंतर जना. बाकीच्या पोरांनाही गंमत वाटली. नवं नाव म्हणजे नवं मूल, त्यामुळे यंत्र रोज पहिल्याच धड्यावर. "हे पाणी आहे. म्हण, पाणी." पाणी म्हणून म्हणून पोरं कंटाळली.

शेवटी सुयोग भिमीच्या दारात आला.

"आजी, खरं नाव सांगितलं नाही तर बारकी पुढं जाणारच नाही."

"नावाबिगर शिकवता येत नाय का तुमच्या बाहुल्याला?"

"कोण कुठवर आलंय ते कळायला नको?"

"कोणाला?"

"मला. आमच्या सरांना."

"आनि सरांच्या वर?"

"ते मला माहीत नाही, आजी."

दुसऱ्या दिवशी भिमी स्वतःच यंत्रापुढे जाऊन बसली. पोरं भिंतीला टेकून खिदळत होती.

"तुझं नाव काय?"

"आधी तुजा सांग."

"मला समजलं नाही. पुन्हा सांग."

भिमी बघतच राहिली. न समजल्याचं कुणी इतक्या सरळपणे सांगताना तिनं ऐकलं नव्हतं. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं. यंत्र पुन्हा तेच म्हणालं, जराही न लाजता.

तिनं बारकीला हात धरून पुढे ओढलं. "नाव सांग. बापाचा नको, वाडीचा नको. नुसता नाव."

"बारकी," पोरगी म्हणाली.

सुयोगची बोटं चालू लागली. भिमी त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"एवढ्याशा नावाला एवढा येळ?" ती म्हणाली, आणि धडा संपेपर्यंत तिथून हलली नाही.