कमानीच्या बुडाचा दगड

आमच्या तालुक्याच्या गावातली जुनी कचेरी निजामाच्या काळातली, काळ्या दगडाची. निजाम गेला, झेंडा बदलला. भुकंपात गावंच्या गावं आडवी झाली, पर कचेरीची कमान जागची हलली न्हाय. दरसाली मुक्तिदिनाच्या आधी तिला चुना मारायचा हा रिवाज, आन् मारायचा वैजनाथनं.

वैजनाथचा हात लई साफ. त्यानं रंगवलेल्या भिंतीला खड्डा म्हणून सापडायचा न्हाय, त्याचा त्याला भारी गर्व. मागल्या साली धाराशिवहून मोठे साहेब येणार म्हणून चुन्याऐवजी पुट्टी आन् ऑइलपेंट आला. गडी खुश. कमानीच्या बुडाला, बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा दगडावर टाकीचे बारके घाव होते. त्यानं ते पुट्टीनं भरले, घासले, आरशावानी गुळगुळीत केले.

मुक्तिदिनाला दुपारच्या यस्टीनं सास्तूरची नसीमबी आली. ऐंशीच्या पुढची, डोळ्यानं अधू. तिचा आजा पाथरवट. ही कमान त्यानं घडवली, बुडाच्या दगडावर आपलं नाव उर्दूत कोरलं. त्याच्या हातचं घर भुकंपात गेलं, उरलं ते एवढं नाव. दरसाली ती यायची, नावावरनं बोटं फिरवायची, भाकरी खाऊन माघारी जायची. वैजनाथला वाटायचं, म्हातारी टेकायला बसती.

त्या दिशी ती नुसती भिंत चाचपत राहिली. वैजनाथ तिथंच रंगाचे डबे गोळा करत होता. तिनं त्यालाच इचारलं, आज्याचं नाव कुठं गेलं. पुट्टीनं भरलेले घाव त्याच्या ध्यानात आले. खरं तोंडातनं निघंना. चाची, तुमी जरा जागा चुकलाव, म्हणत त्यानं तिला कमानीच्या आतल्या अंगाला नेलं आन् एका खडबडीत दगडावर तिचा हात ठेवला.

तिनं बोटं फिरवली. मग तळहात टेकवला.

"ह्यो दगड गार हाय," ती म्हणाली. "माझ्या आज्याचा दुपारी तापतो रं."

वैजनाथनं तिचा हात दगडावरनं काढला. "चाची, म्या बुजवलं त्ये. मला वाटलं, नुसते घाव हायेत."

त्यानंच तिला माघारी त्या दगडापाशी आणलं, रंग खरडायची पत्री घेऊन खरवडायला लागला. पुट्टी निघाली ती दगडाची कपची घेऊनच. तो आवाज ऐकून तिनं त्याचं मनगट धरलं.

"र्‍हाऊ दे. हाय त्येबी घालवशील. पुढल्या साली हितं उभा र्‍हा, माझा हात बरोबर जागी ठिव."

जाताना तिनं भाकरीचा तुकडा दिला. वैजनाथनं तो तिथं खाल्ला न्हाय. खिशात घालून घरी नेला.

औंदा मुक्तिदिनाला तो सकाळपासनं कमानीच्या त्या दगडाम्होरं उभा. लोक टिंगल करायचे, कचेरी पडंल म्हणून धरून उभा हायस का. तो हसायचा न्हाय, यस्टीकडं बघायचा.

दुपारी नसीमबी उतरली. "चाची, सकाळपासनं हितंच उभा हाय," म्हणत त्यानं पुढं होऊन तिचा हात जागेवर ठेवला. गुळगुळीतच सगळं, मधी एक कपची उडालेली. तिनं तळहात दाबून पाह्यला.

"जरा बाजूला सरक," ती म्हणाली. "सकाळपासनं सावली पाडून दगड गार केलास."