एका खंडेनवमीचे मालक

दिवाणजी कुठल्याही खुर्चीवर पूर्ण बसत नसत. पुढच्या कडेला टेकत, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून. कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं, अशा तयारीनं. आमच्या ओटीवर आले तरी तसंच. आई म्हणायची, "अहो दिवाणजी, मागं सरका जरा. खुर्ची आमची आहे, शेठची नाही." ते हसत आणि तिथंच टेकून राहत. "असंच बरं आहे वहिनी. एकदा पाठ टेकली की उठवत नाही."

पनवेलच्या बंदराकडे शेठची भाताची मिल होती. दिवाणजी मिसरूड फुटायच्या आत तिथं लागले आणि तिथंच पिकले. त्यांचं नाव शांताराम, पण ते नाव फक्त त्यांच्या बायकोला, राधाकाकूंना ठाऊक असावं, आणि त्या काही ते घेत नसत. मूलबाळ नव्हतं. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत दोघं राहत. त्या खोल्याही शेठच्याच.

माझे वडील, आबा, मिल कामगारांच्या युनियनचे चिटणीस. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर आणि लिहायला लागले तीही पत्रकंच. दिवाणजी शेठचे उजवे हात, तरी संध्याकाळी आमच्याकडे येऊन माझं नवं पत्रक वाचत. त्यात त्यांच्याच शेठला मी रक्तपिपासू वगैरे म्हटलेलं असे. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "भाषा छान आहे पोरी. पण राग जरा आवर. रागात माणूस एकच गोष्ट तीनदा लिहितो." आबा त्यांना चिडवत, "काय दिवाणजी, उद्या पाऊस पडेल का?" त्यावर ते गंभीर चेहरा करून सांगत, "शेठना विचारून सांगतो." हे वाक्य मिलमध्ये ते दिवसभर खरोखर बोलत, आणि आमच्याकडे येऊन त्याचीच थट्टा करत. म्हणून ते मला आवडत. स्वतःची साखळी दिसणारा माणूस ती कधी तरी तोडेल, असं मला तेव्हा वाटायचं.

युनियननं मोठ्या झगड्यानंतर मिलशी एक करार केला होता. मजुराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, तेवढेच मिलनं घालायचे आणि सगळे फंडात भरायचे. आजारपणाला, म्हातारपणाला, मेल्यावर बायकापोरांना ते मिळायचे. पगारातून पैसे नेमानं कापले गेले. फंडात मात्र ते गेलेच नाहीत. हे उघडकीला आलं हाशामुळे. हाशा पळस्प्याचा, कोंड्याच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेला. त्याची छाती भरली, खोकला थांबेना, डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. त्याची बायको जनाबाय मिलच्या खळ्यावर भात वाळवायची. ती फंडातले पैसे मागायला गेली तेव्हा कळलं की फंडात काहीच नाही.

आबांनी नोटीस दिली. शेठनं भांडण केलं नाही. त्यानं मिल बंद केली. यंत्र जुनं झालं, धंदा परवडत नाही, असं सांगून दाराला कुलूप लावलं. आणि पावसाळ्यापूर्वीच, त्याच आवारात, मधल्या भिंतीपलीकडे दुसरी मिल सुरू झाली. यंत्रं तीच, इकडून काढून तिकडे बसवलेली. मजूर तेच, फक्त नव्यानं भरती झालेले. भोंगाही तोच. बदलली ती दारावरची पाटी. पाटीवर मालक म्हणून नाव होतं दिवाणजींचं.

त्यांनी सही केव्हा केली, कुणाला कळलं नाही. आबांनी विचारलं तर म्हणाले, "मी आपला नावापुरता. शेठ म्हणाले, विश्वासाचा माणूस हवा." पाटीखालून जाताना ते मान खाली घालत. पगार पूर्वीचाच होता. त्यांचाही वाटा जुन्या मिलमध्ये इतकी वर्षं कापला गेला होता आणि तोही बुडाला होता. मी त्यांना हे सांगायला गेले तर म्हणाले, "माझं राहू दे गं. हाशाचं बघा."

हाशाचं बघायचं तर एकच गोष्ट सिद्ध करायची होती. दोन्ही मिल एकाच मालकाच्या आहेत, म्हणून जुनीनं बुडवलेलं नवीनं भरलं पाहिजे. जुनीकडे आता कुलपाशिवाय काही नव्हतं. मजूर खात्याचे साहेब दिवाळीनंतर मामलेदार कचेरीत येऊन सुनावणी घेणार होते. आबा खूष होते. "सगळं गाव जाणतंय," ते म्हणत, "दिवाणजी खोटं बोलणारा माणूस नाही. साहेबानं विचारलं की झालं."

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी मिलमधल्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात आणि मालक पूजेला बसतो. शेठच्या घराण्यातला माणूस सोडून त्या आवारात पूजेच्या पाटावर कुणी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आम्ही सगळे गेलो होतो. पाहतो तर पाटावर दिवाणजी. रेशमी धोतर, खांद्यावर उपरणं, उजव्या हाताला राधाकाकू, शेठाणीनं पाठवलेल्या जरीकाठी हिरव्या लुगड्यात अवघडलेल्या. शेठ स्वतः मागं हात जोडून उभा. मजूर बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. जनाबाय मोठ्यानं म्हणाली, "दिवानजी मालक झालं गं! आता पगार वारवा आमचा!" सगळे हसले. दिवाणजीही हसले. त्यांनी नारळ एका घावात फोडला.

मी पाहिलं, त्या पाटावर ते पूर्ण बसले होते. मांडी घालून, पाठ ताठ, जागा भरून. तसं बसलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला ते पाहून बरंच वाटलं. आबांनाही. त्या पूजेत काय चाललंय, हे आम्हा दोघांपैकी एकालाही उमगलं नाही. आमच्या पत्रकांत भांडवल होतं, नफा होता, पिळवणूक होती. पूजेबद्दल एक ओळ नव्हती. शेठला मात्र आपली माणसं आणि आपले साहेब, दोन्ही पुरते ठाऊक होते.

सुनावणीला कचेरीचा ओटा मजुरांनी भरला होता. हाशाही आला होता, बैलगाडीत गोणपाटावर पडून. साहेब कपाळाला गंध लावलेले, शांत बोलणारे गृहस्थ. आबांनी यंत्रं, मजूर, भोंगा, सगळं सांगितलं. शेठच्या वकिलानं विक्रीचे कागद ठेवले. यंत्रं विकली, विकत घेतली, घेणारा मालक वेगळा. साहेबांनी कागद चाळले, बाजूला सारले आणि दिवाणजींकडे वळून आपलेपणानं विचारलं, "कागदांचं जाऊ द्या. मला सांगा, यंदा खंडेनवमीला त्या मिलमध्ये पूजेला कोण बसलं होतं?"

दिवाणजी उभे होते. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. जनाबाय हाशाला धरून बसली होती. "दिवानजी," ती हळूच म्हणाली, "काय हाय ते बोला. आमी काय तुमच्या वाटंला नाय आलो कधी."

"मीच बसलो होतो," दिवाणजी म्हणाले. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "सपत्नीक."

आबा उठून ओरडले, "त्यांना बसवलं होतं साहेब! ते नाटक होतं!" साहेब म्हणाले, "देवासमोर नाटक? नारळ कुणी फोडला?" दिवाणजी म्हणाले, "मी." बसलो, पण बसवलं म्हणून बसलो, एवढं एक वाक्य ते जोडू शकले असते. मी त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले. ते मिटलेलेच राहिले.

निकाल मजुरांच्या बाजूनं लागला, असं कागद म्हणत होता. जुन्या मिलनं सगळी रक्कम भरावी. नव्या मिलचा मालक वेगळा, तिचा संबंध नाही. म्हणजे आम्ही एका कुलपाविरुद्ध दावा जिंकलो होतो.

कचेरीच्या पायऱ्यांवर जनाबायनं दिवाणजींना गाठलं. ती रडली नाही की तिनं शिवी दिली नाही. म्हणाली, "नारल तुमी फोरलात, दिवानजी. खोबरं कोनी खाल्लं तेवरं सांगा." ते मान खाली घालून पायऱ्या उतरून गेले.

हाशा पुढच्या लावणीच्या आधी गेला. दिवाणजी पळस्प्याला चालत गेले. मी आबांबरोबर तिथं होते. ते अंगणाच्या कडेला उभे राहिले. जनाबायनं पाणी आणून दिलं, घोंगडी टाकली, "बसा" म्हणाली. ते पाणी प्याले, पण बसले नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमीला नव्या मिलमध्ये शेठचा पुतण्या पूजेला बसला. सुनावणी होऊन गेली होती, पाटाची गरज संपली होती. दिवाणजी दाराशी उभे राहून प्रसाद वाटत होते. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवताना त्यांनी वर पाहिलं नाही.

थंडीत ते आजारी पडले. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं होतं, पण आईनं पेज देऊन पाठवलं. भिंतीला टेकून ते बसले होते, आता पाठ टेकण्यावाचून इलाज नव्हता. ते म्हणाले, "पोरी, भटजींनी त्या दिवशी मला माझं गोत्र विचारलं. इतकी वर्षं त्या आवारात काढली, माझं गोत्र कुणी विचारलं नव्हतं. दरवर्षी मी नुसती फुलं आणून द्यायचो." पेजेच्या वाटीकडे पाहत म्हणाले, "मग कचेरीत ते मी कसं नाकारू? तेवढंच तर माझं होतं." मला राग आला होता आणि रडूही. हाशाचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात तेच म्हणाले, "हाशा दिसतो मला. खोकतो." मी पेज भरवली आणि घरी आले.

ते गेले तेव्हा औषधाची उधारी राहिली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेठचा पुतण्या कागद घेऊन आला. मिल दिवाणजींच्या नावावर, मूलबाळ नाही, म्हणजे ती आता राधाकाकूंची झाली होती. त्यांनी सही करून ती पुतण्याला द्यायची होती. मी आणि जनाबाय तिथंच होतो. जनाबाय तेरा दिवस रोज त्यांच्याकडे पाणी भरायला येत होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

राधाकाकूंनी कागद वाचून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी माझी मिल तुम्हाला देते, असं?"

"हो काकू. रीत असते ती."

"पण ती आमची होती कुठं? यांना पाटावर बसवलं एक दिवस. मिल तुमचीच होती, दोन्ही तुमच्याच. हे लिहा, मग करते सही."

पुतण्या हसला. "काकू, असं कागदावर लिहीत नसतात."

"मग काय लिहितात?"

त्यानं खोलीच्या छताकडे नजर टाकली, त्याच्याच घराण्याच्या छताकडे, आणि कागद पुन्हा पुढे सरकवला. राधाकाकूंनी जनाबायकडे पाहिलं. जनाबाय म्हणाली, "करा सही, बाय. जाशीला कुठं?" काकूंनी सही केली. मग आत जाऊन जरीकाठी हिरवं लुगडं आणलं आणि पुतण्याच्या हातात दिलं. "हेही तुमचंच," म्हणाल्या.

ज्या वाक्यानं हाशाला औषध मिळालं असतं, ते वाक्य अखेर बोललं गेलं, पण कचेरीत नाही, शेठच्याच एका खोलीत, तीन बायका आणि एक मालक यांच्यात. ते कुठल्याही दप्तरात नोंदलेलं नाही. म्हणून मी ते इथं लिहिते. दिवाणजी असते तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी हेही वाचलं असतं, खुर्चीच्या कडेवर टेकून. राग आवर, असं म्हणाले असते. या वेळी मी एकच गोष्ट एकदाच लिहिली आहे.